मासे न खाणारी मछलीवाली मॅडम

नीला प्रधान ही माहेरची रानडे. पुण्यात नारायण पेठेत वाढलेली. मासा म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र, यापलीकडे तिची माशाशी ओळख नव्हती. राजीव प्रधानशी तिचं जमलं तेव्हा मात्र पंचाईत झाली, कारण राजीवचं घर दादरचं, सीकेपी, सुरमईशिवाय रविवारला रविवार न मानणारं. दोन्ही घरं थोडे दिवस रुसली आणि मग लग्न लागलं. नीलाने एकच अट घातली होती. "बाहेर काय हवं ते खा. माझ्या स्वयंपाकघरात मासा येणार नाही."

राजीवने मान डोलावली. पुढे त्याला नोएडातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, दोघं मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि अट पाळणं त्याला सोपंच गेलं. समुद्राचा चांगला मासा त्या काळात यमुनेच्या अलीकडे मिळतच नव्हता म्हटलं तरी चालेल.

अशा या बाईला पुढे नोएडापासून गुडगावपर्यंत लोक 'मछलीवाली मॅडम' म्हणू लागले. राजीव ओळखीच्यांना हे सांगताना हसून हसून लाल व्हायचा.

नीला एम.एस्सी. झालेली होती, जीवरसायनशास्त्रात. मुलगी रसिका शाळेत जायला लागल्यावर तिने नोएडात एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी धरली. दुधात भेसळ आहे का, मसाल्यात रंग आहे का, पाण्यात जंतू आहेत का, अशी कामं. मालक भसीनसाहेब. माणूस दिलदार, पण कुठलंही काम घ्यायला "हो" आधी म्हणायचे आणि ते कसं करायचं याचा विचार नंतर.

ते दिवस मॉलचे होते. गुडगावला दर महिन्याला एखादी काचेची इमारत उभी राहायची. ज्या दिल्लीकराला मासा म्हणजे रोहू एवढंच माहीत होतं, तो आता सुपरमार्केटच्या थंडगार काउंटरपुढे उभा राहून बिनकाट्याचे, बिनकातडीचे, पांढरे स्वच्छ तुकडे घेऊ लागला. तुकड्यावर जे नाव लिहिलेलं असेल तो मासा. डोकं नाही, शेपटी नाही, खवले नाहीत, ओळखणार कसा? तक्रारी यायला लागल्या. एका सुपरमार्केट कंपनीने भसीनसाहेबांना विचारलं, आणि साहेबांनी सवयीप्रमाणे "बिलकुल" म्हणून टाकलं. मग नीलाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"प्रधान मैडम, डीएनए से मछली पहचान सकते हैं क्या?"

"सकते हैं," नीला म्हणाली. "पर सर, मैं तो मछली खाती भी नहीं."

"तो और अच्छा. सैंपल घर नहीं जाएगा!"

पहिला नमुना उघडला त्या दिवशी तिने नाकाला रुमाल बांधला होता. दुपारचा डबा तिने तसाच परत नेला. पण काम तिला आवडलं. माशाचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, त्यातल्या एका ठरावीक भागाच्या असंख्य प्रती करायच्या. मग त्या भागातली अक्षरं वाचायची. अक्षरं चारच, पण प्रत्येक जातीत त्यांचा क्रम निराळा. वाचायचं मोठं यंत्र प्रयोगशाळेत नव्हतं. नमुना बाहेर पाठवावा लागे आणि काही दिवसांनी अक्षरांची लांबलचक माळ ई-मेलने येई. ती माळ जगभरातल्या शास्त्रज्ञांनी भरलेल्या कॉम्प्युटरवरच्या खजिन्यात टाकली, की कुठल्या माशाशी जुळते ते समोर दिसे. तळलेला असो, गोठवलेला असो, मसाल्यात लडबडलेला असो, माशाला आपलं नाव लपवता येत नसे.

पहिल्याच फेरीत गंमत झाली. 'सोल' म्हणून महाग विकले जाणारे तुकडे निघाले पंगास, म्हणजे परदेशातून स्वस्तात येणारा गोड्या पाण्यातला मासा. पुरवठादाराला विचारलं तर त्याने आधी आवाज चढवला, आणि नीलाने अक्षरांच्या दोन ओळी एकाखाली एक ठेवून दाखवल्यावर मुकाट्याने कबूल केलं. त्यानंतर हॉटेलांची कामं आली, निर्यातदारांची आली. भसीनसाहेबांनी तिला वेगळी खोली दिली. नीलाने रुमाल बांधणं सोडलं. हाताला वास यायचा म्हणून घरी आल्यावर लिंबू चोळायची, एवढंच. राजीव दारातच तिचा हात हातात घेऊन खोल श्वास घ्यायचा. "वा! आज पापलेट?"

"चल, हट!"

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना रावसाचा नमुना आला.

तोही सुपरमार्केटकडूनच आला होता. पुरवठादार होत्या सखुबाई नाखवा. या बाई मूळच्या अलिबागकडच्या. नवरा फौजेत सुभेदार. त्याच्याबरोबर छावण्या फिरत फिरत त्या दिल्ली कॅन्टोन्मेंटला आल्या आणि तो निवृत्त झाल्यावर पालमला घर करून राहिल्या. आधी छावणीतल्या मराठी आणि बंगाली कुटुंबांसाठी मुंबईहून रेल्वेने बर्फात मासा मागवायच्या. तोंड गोड, माल चोख. वाढत वाढत त्यांचा माल गुडगावच्या काउंटरवर गेला होता.

नीलाने रावसाच्या तुकड्याची अक्षरं खजिन्यात टाकली. खजिन्यात रावसाच्या नावाने जी अक्षरं होती, त्यांच्याशी ती जुळेनात. थोडीफार जवळ होती, पण 'तोच मासा' म्हणावं इतकी नाहीत. तिने चाचणी पुन्हा केली. तेच. मग तिने अहवालात लिहिलं: नमुना रावसाचा नाही.

सुपरमार्केटने सखुबाईंचा माल बंद केला. नुसता बंद केला नाही. बाजारात बोभाटा झाला. कॅन्टोन्मेंटमधल्या बायकासुद्धा आता तराजूपुढे उभ्या राहून विचारायला लागल्या, "सखुबाई, हा नक्की तोच ना?"

एका सकाळी सखुबाई थेट प्रयोगशाळेत आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, खांद्यावर शाल. नीला बाहेर आली आणि मराठी ऐकून दोघीही क्षणभर चपापल्या.

"तुम्हीच का त्या प्रधानबाई? मला वाटलं कोणी पंजाबीण असेल."

"बसा ना काकू."

"बसत नाही. एकच विचारायला आले. माझा मासा रावस नाही म्हणता. मग तो कुठला आहे? त्याचं नाव सांगा. मी त्या नावाने विकेन."

नाव नीलाला सांगता येत नव्हतं. अहवालात ते नव्हतंच.

"काकू, तपासणीत रावसाशी जुळला नाही. दोनदा केली मी."

"म्हणजे कोण नाही ते कळलं, कोण आहे ते नाही कळलं." सखुबाईंनी शाल सावरली. "असो. तुमचं काम तुम्ही केलंत."

त्या आरडाओरडा करून गेल्या असत्या तर नीलाला बरं वाटलं असतं. त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना निठारीच्या सिग्नलला हिरवा दिवा लागून मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तरी तिला कळलं नाही. ही वरकड लोकांसारखी 'झालं ते झालं' म्हणणारी बाई नव्हती. पण पुढे काय करायचं तेही तिला सुचत नव्हतं. खजिना जगाचा, तो चुकतो असं म्हणणारी ती कोण?

वाट सापडली ती पावसाळा संपल्यावर. एका मोठ्या हॉटेलने काही मासे अख्खेच पाठवले. ते ताजे राहावेत म्हणून त्यांना औषध चोपडलंय का, एवढंच हॉटेलला तपासून हवं होतं. बर्फाच्या पेटीवर लिहिलं होतं, रावस. नीलाने उघडून पाहिलं. इतके दिवस ती तुकडेच हाताळत आली होती. हा चांगला हातभर लांब मासा, रुपेरी, बोथट नाकाचा, आणि कल्ल्यामागच्या पराखाली मिशांसारखे लोंबणारे बारीक तंतू. तिने ते बोटाने मोजले. एका बाजूला चार.

हॉटेलने विचारलं नव्हतं, तरी तिने एक तुकडा काढला आणि डीएनएला लावला. मासा गोठवून ठेवला, आणि काही दिवसांनी अक्षरं आली. सखुबाईंच्या माशाशी ती अक्षरन् अक्षर जुळत होती. आणि खजिन्यातल्या रावसाशी याही माशाचं जुळत नव्हतं.

नीलाच्या सोसायटीत भालचंद्र केतकर नावाचे गृहस्थ राहत. जन्मभर त्यांनी माशांच्या जाती ओळखण्याचं सरकारी काम केलेलं, आता निवृत्त. गणपतीच्या आरतीपलीकडे नीलाचं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. त्या संध्याकाळी ती बर्फाची पेटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"सर, हा कोण आहे ते सांगाल?"

भालचंद्र सरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी मासा बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवला, भिंग काढलं, तंतू मोजले, परांचे काटे मोजले, खवल्यांची ओळ बघितली, जबडा उघडून दात पाहिले. त्यांची बायको आतून "अहो, चहा तरी घेऊ द्या तिला" म्हणत राहिली.

"रावस," ते म्हणाले. "शंभर टक्के."

"पण अक्षरं जुळत नाहीत."

"कोणाशी?"

नीलाने खजिन्यातली नोंद दाखवली. सरांनी चष्मा वर केला. "हा मासा पकडला कुठे होता? बघ, लिहिलंय. पार पूर्वेकडच्या समुद्रात. तिकडे रावसाचा एक भाऊबंद असतो. दिसायला जवळजवळ तसाच. ज्याने ही अक्षरं पाठवली, त्याने मासा नीट ओळखूनच पाठवला असेल कशावरून? नाव माणसानेच दिलंय ना? यंत्राला काय, चिकटवाल ते लेबल खरं."

नीला म्हणाली, "सर, माझ्यामुळे एका बाईचं नाव खराब झालं."

"मग ते आधी नीट कर," सर म्हणाले. "विज्ञानाचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी तिने भसीनसाहेबांना सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"मैडम, पुरानी बात है. कोई पूछ भी नहीं रहा. आज हम लिखकर देंगे कि हम गलत थे, कल सब पूछेंगे और क्या-क्या गलत था."

"पूछने दीजिए सर. मैंने सब दोबारा देख लिया है. सोल वाला सही था, बाकी भी सही निकले हैं. यही एक गलत है."

"और अगर मैं मना करूँ?"

"तो आगे से किसी रिपोर्ट पर मेरे दस्तख़त नहीं होंगे," नीला शांतपणे म्हणाली. "जिन दस्तख़तों पर मुझे ही भरोसा नहीं, वो आपके किस काम के?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बांधकामाची धूळ उडत होती. शेवटी म्हणाले, "ठीक है. पर आधा-अधूरा नहीं. गलती मानेंगे तो पूरा सबूत लेकर मानेंगे."

पुरावा एका माशाने होत नाही. नीलाला कोकणच्या समुद्रातले खात्रीचे, अख्खे रावस हवे होते, वेगवेगळ्या बंदरांवरचे. तिने रजा काढली. राजीव म्हणाला, "मी येतो. तू एकटी मासळी बाजारात? तुला एखादी कोळीण पाण्यात बुडवेल!" रसिकाला आजीकडे पुण्याला सोडलं आणि दोघं निघाली.

पहाटेच्या धक्क्यावर होड्या लागल्या होत्या. टोपल्या डोक्यावरून जात होत्या, पायाखाली चिखल, खवले, बर्फाचं पाणी. वासाची लाट आली आणि नीला बाजूला जाऊन भडभडून ओकली. राजीवने पाण्याची बाटली पुढे केली. "चल, परत जाऊ. कोणाला तरी पाठवू."

"नाही," तिने तोंड पुसलं. "दुसऱ्याने आणलेल्या नावावर विश्वास ठेवूनच हे झालंय."

मग ती पुढे झाली. भालचंद्र सरांनी शिकवल्याप्रमाणे तिने एकेक मासा स्वतः हाताने उचलला, तंतू मोजले, फोटो काढला, पराचा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत टाकला. कोळणी आधी हसल्या, मग त्यांतलीच एक ओरडून इतरांना म्हणाली, "अगो, वाट द्या तिला! माशाचा फोटो काढते, पत्रिका जुळवायची असेल!" नीलाही हसली. वसईपासून अलिबागपर्यंत त्यांनी असेच एकामागून एक धक्के पालथे घातले. राजीवने रोज दोन्ही वेळा मासे खाल्ले आणि हे आपल्या संसारातले सर्वांत सुखाचे दिवस असल्याचं जाहीर केलं.

सगळ्या माशांची अक्षरं एकसारखी आली. सखुबाईंचा मासा त्यांच्यातलाच होता.

नवा अहवाल घेऊन नीला पालमला गेली. सखुबाई अंगणात बर्फ फोडत होत्या. तिने उभ्यानेच सांगितलं. "काकू, तुमचा मासा रावसच होता. चूक माझी झाली. ज्याच्याशी ताडून पाहिलं तेच चुकीचं होतं, आणि ते मी तपासलं नाही."

सखुबाईंनी हातोडी खाली ठेवली.

"हे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना तुम्ही आधी सांगितलंत, त्यांना सांगा. माझ्यासमोर."

"चला," नीला म्हणाली. "उद्याच जाऊ."

गुडगावच्या ऑफिसात खरेदी सांभाळणारा सिद्धांत नावाचा तरुण होता, पुण्याचाच, टायवाला. दोघींना एकत्र पाहून तो गोंधळला. नीलाने त्याच्यासमोर आणि त्याच्या दोन वरिष्ठांसमोर, आडपडदा न ठेवता, काय झालं ते सांगितलं. सखुबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"मॅडम, अच्छा झालं तुम्ही सांगितलंत," सिद्धांत म्हणाला. "पण आता व्हेंडर बदलला. तो चॅप्टर क्लोज झालाय."

"त्या नव्या माणसाचा रावस तुम्ही तपासला?"

"नाही... त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे."

"आज काउंटरवर असेल तो?"

असायलाच हवा होता. सिद्धांत स्वतः जाऊन पाकीट घेऊन आला. नीलाने त्यावर त्याची आणि सखुबाईंची सही घेतली आणि नमुना नेला. आठवड्याने निकाल आला. पाकिटातला मासा रावसही नव्हता आणि त्याचा भाऊबंदही नव्हता. तो होता तिलापिया, तळ्यात वाढवतात तो. या वेळी अहवालात नीलाने कोण नाही हे लिहिलंच, कोण आहे तेही लिहिलं, आणि कशाशी ताडून पाहिलं तेही: कुठल्या धक्क्यावरचा मासा, कोणी ओळखलेला.

सुपरमार्केटने त्या माणसाला हाकललं आणि सखुबाईंना पुन्हा बोलावणं पाठवलं. सखुबाई गेल्या नाहीत. "एकदा दार लावून घेतलेल्या घरी मी टोपली घेऊन जात नाही," असं त्यांनी सांगून पाठवलं. कॅन्टोन्मेंटची गिऱ्हाइकं परत आली होती, आणि नीलाचा अहवाल दाखवून त्यांनी एक मोठं हॉटेल मिळवलं होतं. नीलाशी मात्र त्यांचं गूळपीठ लगेच जमलं असं नाही. वर्षभर त्या तिच्याशी जपूनच बोलायच्या. मग एक दिवस स्वतःहून फोन आला: "ताई, वेगळाच एक मासा आलाय जाळ्यात. अख्खा ठेवलाय तुमच्यासाठी." नीला बर्फाची पेटी घेऊन स्कूटरवरून पालमला गेली.

भसीनसाहेबांना वाटलं होतं तसं गिऱ्हाइक पळालं नाही. थोडं गेलं, हे खरं. पण जी प्रयोगशाळा स्वतःची चूक लिहून देते तिचा शब्द खरा असणार, असंही काही जणांना वाटलं. कॉमनवेल्थ खेळांच्या वेळी हॉटेलांची इतकी कामं आली की नीलाला दोन मदतनीस मुली घ्याव्या लागल्या. त्यांना शिकवायला भालचंद्र सर मेट्रोने येऊ लागले, सोबत भिंग. माशाची अक्षरं वाचायच्या आधी प्रत्येकीला अख्खा मासा ओळखायला लागे, हा नीलाचा नियम. कपाटात कुप्यांच्या रांगा वाढत गेल्या: रावस, दाढा, घोळ, सुरमई, हलवा. प्रत्येक कुपीतल्या माशाला कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांची अक्षरं नीलाने जगाच्या खजिन्यातही भरली, आणि त्या जुन्या नोंदीबद्दल शंका लिहून कळवली. तिकडून उत्तर यायला फार दिवस लागले, पण आलं, आणि ती नोंद दुरुस्त झाली.

एकदा कोलकात्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला. हिलसा म्हणून माल आलाय, दुसराच असल्याचा संशय आहे, आजच तुकडा पाठवतो, लगेच सांगा, मोठा सौदा अडकलाय. भसीनसाहेब समोरच बसले होते आणि खुणेने "हो म्हणा, हो म्हणा" सांगत होते.

"हिलसाचे खात्रीचे मासे माझ्याकडे अजून नाहीत," नीला फोनवर म्हणाली. "मुझे अभी नहीं पता. आप पूरी मछली भेजिए, सिर के साथ. और थोड़ा वक़्त दीजिए."

पलीकडचा माणूस म्हणाला, "ठीक है मैडम, भेजता हूँ."